मुंबईचं जहाज, हार्टलपूलची गोदी

आजचं व्याख्यान एका जहाजाविषयी आहे. हे जहाज मुंबईत बांधलं गेलं, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या पाण्यात उतरलं आणि आज दोनशेहून अधिक वर्षांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूल नावाच्या एका लहान शहरातल्या गोदीत तरंगत उभं आहे. त्याचं नाव 'एचएमएस त्रिंकोमाली'. ब्रिटनचं हे पाण्यावर असलेलं सर्वांत जुनं लढाऊ जहाज. नेल्सनचं 'व्हिक्टरी' वयानं मोठं आहे, पण ते १९२२ पासून सुक्या गोदीत आहे. 'त्रिंकोमाली'हून जुनं आणि अजून पाण्यावर असलेलं लढाऊ जहाज जगात एकच, बोस्टनमधलं अमेरिकेचं 'कॉन्स्टिट्यूशन', १७९७ सालचं. म्हणजे जगात दुसऱ्या क्रमांकाचा मान ज्या जहाजाला आहे, ते आपल्या फोर्ट भागातल्या गोदीतून बाहेर पडलेलं आहे.

हे सांगितलं की आपल्याकडे दोनच प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. एक तर छाती फुगते, 'बघा, मुंबईचं काम कसं असतं!' नाही तर लगेच हळहळ, 'त्यांनी जपलं, आपण काय जपलं?' दोन्ही प्रतिक्रिया साहजिक आहेत. पण दोन्हींनी प्रश्न तिथंच संपतो. आज आपण तो जरा पुढं नेऊ. हे जहाज टिकलं कशामुळे? आणि एखादं जुनं जहाज टिकतं किंवा भंगारात जातं, हे नेमकं कोण आणि कशावरून ठरवतं?

आम्ही चौघं तिथं जाऊन आलो. तिघं इतिहास शिकवणारे, आणि चौथे आमचे एक काका, ज्यांची सगळी नोकरी गोदीत जहाजदुरुस्तीच्या कामात गेली. काकांना बरोबर नेलं हे फार बरं झालं. आम्ही तिघं पाट्या वाचत होतो, ते लाकूड बघत होते.

हार्टलपूलला न्यूकॅसलहून किनाऱ्याकिनाऱ्यानं गाडी जाते. स्टेशनवरून संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. उत्तर समुद्राचा वारा असा, की आपल्याकडचा जानेवारी त्यापुढे उन्हाळाच म्हणायचा. आत गेलं की एका चौकोनी गोदीच्या कडेनं अठराव्या शतकातलं बंदर उभं केलेलं दिसतं : आरमारी अधिकाऱ्यांचे कपडे शिवणारा शिंपी, तलवारी करणारा, बंदुका करणारा, अशांची दुकानं. एक गोष्ट लक्षात ठेवा, हे बंदर जुनं नाही. १९९० नंतर संग्रहालयासाठी ते बांधलं. म्हणजे त्या सगळ्या दृश्यात घरं नवी आणि जहाज जुनं. खोट्या धक्क्याला खरं जहाज लागलेलं आहे.

जहाजाच्या पुढच्या टोकाला, जिथं युरोपीय जहाजांवर एखादा पुतळा बसवायची रीत होती, तिथं डोक्याला पागोटं बांधलेला एक पुरुष आहे. इंग्रजांच्या मनातला 'हिंदुस्थानी माणूस' तो हा असा. काका त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यातला एकही खिळा यानं ठोकलेला नाही." त्यांना काय म्हणायचं होतं ते आम्हाला नंतर, आत गेल्यावर कळलं. आपणही तिथं परत येऊ.

आता जरा मागं जाऊ. मुंबईत अशी जहाजं बांधली जात होती ती का?

ईस्ट इंडिया कंपनीला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम किनाऱ्यावर सगळ्यात जास्त धास्ती कोणाची असेल तर ती आंग्र्यांची. कान्होजी आंग्रे १७२९ साली गेले, पण त्यांच्या घराण्याचं आरमार पुढं पाव शतक कंपनीच्या जहाजांना मोकळं फिरू देत नव्हतं. कंपनीला स्वतःचं आरमार हवं होतं, आणि आरमाराला दुरुस्तीची जागा लागते. त्या वेळी जहाजबांधणीचं खरं केंद्र सुरत होतं. तिथून १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया नावाच्या पारशी कारागिराला कंपनीनं काही सुतारांसह मुंबईला आणलं. पुढं दीडशे वर्षं या घराण्यातले लोक मुंबईच्या गोदीचे मुख्य बांधकामदार राहिले. १७५० च्या सुमारास इथं सुकी गोदी झाली, आशियातली ती पहिली मानली जाते. सुकी गोदी म्हणजे काय, तर भरतीला जहाज आत घ्यायचं, दरवाजा बंद करायचा, पाणी बाहेर काढायचं आणि जहाजाचं पोट कोरडं करून त्यावर काम करायचं.

आणि १७५६ साली काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. विजयदुर्गावर समुद्रातून वॉटसनचं आरमार आलं, जमिनीवरून पेशव्यांची फौज आली, आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. किनाऱ्यावरची एक जहाजबांधणी वाढत होती, दुसरी त्या दिवशी संपली. यातली पहिली वाढावी म्हणून दुसरी संपवण्यात आपलाही हात होता. मुंबईच्या गोदीचा अभिमान बाळगायचा असेल तर हेही त्याच खात्यात लिहावं लागतं.

पुढचं कारण लाकडाचं. इंग्लंडची जहाजं ओकची. नेपोलियनशी झालेल्या लांबलचक युद्धात इंग्लंडला चांगला ओक पुरेना. ओकची आणखी एक अडचण होती. त्या लाकडात एक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे आणि बोल्ट खातं. खिळा गंजला की भोक मोठं होतं, पाणी शिरतं आणि लाकूड कुजायला लागतं. सागाचं तसं नाही. सागात तेल असतं, ते लोखंडाला सांभाळतं आणि वाळवी-किडीलाही दूर ठेवतं. आपल्याकडे सागाच्या जुन्या दारांतले खिळे तुम्ही काढून बघितले असतील, तर हे वेगळं सांगायला नको. शिवाय तोफेचा गोळा बसला तर ओकच्या चिरफळ्या उडतात, आणि लढाईत माणसं गोळ्यापेक्षा या चिरफळ्यांनी जास्त जखमी होत. सागाच्या तेवढ्या उडत नाहीत.

हा साग यायचा मलबारातून. तो काही कोणी फुकट दिलेला नव्हता. १८०६ साली कंपनीनं मलबारच्या जंगलावर कॅप्टन वॉटसन नावाचा एक पोलीस अधिकारी नेमला. हिंदुस्थानातला हा पहिला जंगलरक्षक. आडनाव विजयदुर्गावर आलेल्या दर्यासारंगाचंच, माणूस वेगळा. त्याचं काम झाडं वाचवणं हे नव्हतं, आरमाराला साग मिळत राहावा हे होतं. त्यासाठी सागावर मक्तेदारी आली आणि स्थानिक व्यापाऱ्यांचा, जमीनमालकांचा हक्क गेला. तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ च्या सुमारास ते पदच रद्द करावं लागलं. तोवर सहज हाताशी येणारा साग बराच संपला होता. नीलांबूरला १८४० नंतर सागाची लागवड सुरू झाली ती यामुळेच. हार्टलपूलमध्ये आपण ज्या फळ्यांवर हात ठेवतो, त्या फळ्यांच्या मागं हे सगळं आहे.

या सागातून मुंबईत एकापाठोपाठ एक जहाजं झाली. १८१० साली 'मिंडेन' तयार झालं, ब्रिटनच्या बाहेर बांधलेलं ब्रिटिश आरमाराचं ते पहिलं मोठं, चौऱ्याहत्तर तोफांचं जहाज. १८१३ साली 'कॉर्नवॉलिस', ज्याच्यावर १८४२ साली चीनबरोबर नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. 'त्रिंकोमाली'ही त्यांचंच.

'त्रिंकोमाली'ची मागणी १८१२ साली नोंदवली गेली. तिचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजानं निघाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'जावा'ची गाठ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी पडली आणि 'जावा' हरलं. नकाशे गेले. दुसरी प्रत मुंबईला पाठवावी लागली. गंमत बघा, आज पाण्यावर असलेल्या जगातल्या दोन सर्वांत जुन्या लढाऊ जहाजांपैकी एकानं दुसऱ्याचे नकाशे जन्माआधीच बुडवले होते.

शेवटी २५ एप्रिल १८१६ रोजी जहाजाचा कणा, कोकणातले सुतार ज्याला पठाण म्हणतात तो, मांडला गेला. पारशी रीतीप्रमाणे त्यात चांदीचा कोरीव खिळा ठोकला. दीड वर्षात जहाज तयार झालं. लांबी साधारण दीडशे फूट, रुंदी चाळीस फूट, खर्च २३,००० पौंड.

आता ती तारीख परत ऐका. १२ ऑक्टोबर १८१७. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याचा तह होऊन दुसऱ्या बाजीरावाचे हात बांधले गेले होते. जहाज पाण्यात उतरल्यावर बरोबर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. मुंबईच्या धक्क्यावर नारळ फुटत होते, की बँड वाजत होता, काय असेल ते असो. घाटावर त्याच आठवड्यांत एक राज्य शेवटच्या घटका मोजत होतं. मराठी माणसाला या जहाजाकडे बघताना या दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. दिसायला हव्यात.

पण खुद्द जहाजाला तोवर काही काम उरलेलं नव्हतं. ज्या युद्धासाठी ते मागवलं, ते वॉटर्लूला १८१५ मध्ये संपलेलं. १८१९ साली 'त्रिंकोमाली' पोर्ट्‌समथला पोचली आणि तिला तिथं राखीव म्हणून ठेवून दिलं. पंचवीसेक वर्षं. १८४५ मध्ये तिचा मागचा भाग बदलला, तोफा कमी पण जास्त ताकदीच्या बसवल्या. मग १८४७ ते १८५० उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज, १८५२ ते १८५७ पॅसिफिक. बस. एकाही मोठ्या आरमारी लढाईत ही लढलेली नाही.

इथं आमच्या विद्यार्थ्यांची नेहमी निराशा होते. त्यांना वाटतं, एवढं जपलंय म्हणजे काहीतरी पराक्रम असणार. पण गोष्ट उलटी आहे. जी लढली त्यांतली बरीच बुडाली, जळाली, किंवा लढून लढून खिळखिळी होऊन मोडीत निघाली. ही राहिली, कारण ती चांगल्या लाकडाची होती आणि फारशी वापरली गेली नव्हती.

नुसतं एवढ्यानं दोनशे वर्षं निघत नाहीत. १८६० नंतर तिच्यावर आरमारात भरती होणाऱ्यांचं शिक्षण सुरू झालं, आणि त्या काळात ती काही वर्षं हार्टलपूललाच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आरमारानं तिला मोडीत काढली. १८९७ साली जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी ती विकत घेतली. त्यांच्याकडे आधी नेल्सनचं 'फूद्रोयां' हे जहाज होतं, ते त्याच वर्षी ब्लॅकपूलला वादळात गेलं होतं. त्यांनी या जहाजाला तेच नाव दिलं आणि त्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण द्यायला सुरुवात केली. पुढं जवळजवळ नव्वद वर्षं, १९८६ पर्यंत, ही 'फूद्रोयां' होती. किती तरी पिढ्यांतली मुलं तिच्यावर राहिली, झोळ्यांत झोपली, दोर ओढायला आणि डेक घासायला शिकली. मुंबईत बांधलेल्या जहाजावर आपण झोपतोय हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल!

तर पहिलं उत्तर हे. जहाज टिकलं ते वारसा म्हणून नाही. ते टिकलं, कारण दर पिढीत कोणाला तरी ते लागत होतं. गरज संपली त्या प्रत्येक वेळी ते भंगाराच्या दारात उभं होतं.

आता कोणी म्हणेल, इंग्रजांना जपायची सवयच आहे. तसंही नाही. 'फूद्रोयां'च्या शेजारी पोर्ट्‌समथला 'इम्प्लेकेबल' नावाचं जहाज असे. मूळचं फ्रेंच, १८०५ च्या ट्राफल्गारच्या लढाईतलं, नंतर काही दिवसांतच इंग्रजांनी पकडलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर देश कंगाल, दुरुस्तीला पैसे नाहीत. डिसेंबर १९४९ मध्ये त्या जहाजावर ब्रिटिश आणि फ्रेंच असे दोन्ही झेंडे लावले, समुद्रात ओढत नेलं आणि सुरुंग लावून बुडवलं. सन्मानानं, रीतसर, सरकारी खर्चानं. त्यावर मोठी हळहळ झाली, आणि त्या हळहळीतून पुढं जुनी जहाजं वाचवायला लोक एकत्र यायला लागले. म्हणजे जपण्याची अक्कल त्यांनाही एक जहाज घालवून आली.

आणि हार्टलपूल का? हे गाव जहाजबांधणीचं. तिथला शेवटचा मोठा कारखाना १९६० नंतर लगेच बंद पडला. गोद्या ओस, माणसं बेकार. १९७९ साली 'वॉरियर' हे १८६० सालचं ब्रिटनचं पहिलं लोखंडी चिलखती जहाज तिथं दुरुस्तीला आणलं. तेही मधली कित्येक वर्षं तेलाच्या धक्क्याचं काम करत होतं म्हणूनच उरलेलं. आठ वर्षं ते काम चाललं आणि 'वॉरियर' १९८७ मध्ये पोर्ट्‌समथला गेलं. गावात आता कसबी हात होते आणि हातांना काम नव्हतं. त्याच वर्षी 'फूद्रोयां' तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणली. १९९२ मध्ये तिला तिचं जुनं नाव परत मिळालं, आणि २००१ पर्यंत दुरुस्ती चालली. एका बंद पडलेल्या गावानं दुसऱ्या देशातल्या गोदीचं काम हातात घेतलं, कारण त्याला स्वतःलाच काम हवं होतं. इतकी वर्षं लागणारी दुरुस्ती निव्वळ भावनेवर होत नाही. ती रोजगारावर होते.

आत गेलो तेव्हा काकांनी आम्हाला हे हातानं दाखवलं. खालच्या डेकवर ताठ उभं राहता येत नाही, वाकूनच चालावं लागतं. वर तुळयांना झोळ्या टांगायची जागा, आरमाराच्या हिशेबानं माणशी चौदा इंच. मागं कप्तानाची खोली, खिडक्या, प्रकाश. बहुतेक लोक त्या खोलीत रेंगाळतात. काका मात्र जहाजाच्या कुशीत, जिथं आतल्या फासळ्या दिसतात तिथं गेले. नवा तुकडा कुठं घातला, जुना कुठं ठेवला, हे त्यांनी सांध्यांवर बोट फिरवत दाखवलं. या जहाजाचं निम्म्याहून बरंच अधिक लाकूड अजून मूळचं आहे. काका म्हणाले, "हा सांधा बघा. नंतर कोणाला दिसणार नव्हता, पाठीमागं झाकलाच जाणार होता. तरी बसवलाय कसा! आणि यावर नाव कोणाचं?"

पागोटंवाल्या पुतळ्याविषयी ते काय म्हणाले होते ते आता उलगडलं. जहाजाच्या पुढं हिंदुस्थानी चेहरा आहे, पण तो कोणाचाच नाही. बांधणारा म्हणून जमशेटजी वाडियांचं नाव घेतलं जातं, ते योग्यच आहे. त्या काळच्या कितीशा हिंदी कारागिरांचं नाव इंग्रजी कागदावर उरलं? वाडियांचं उरलं. पण वाडियांच्या हाताखाली करवत ओढणारे, रंधा मारणारे, फळीला वाफ देऊन बाक आणणारे, लोहारकाम करणारे, सांधे भरणारे? दीड वर्षात दीडशे फुटांचं जहाज काही एका माणसानं उभं केलं नाही. त्यांची घरं इथंच होती, कोटाच्या आत-बाहेर. त्यांचे वंशज कदाचित आजच्या या सभागृहातही असतील, आणि त्यांना ते ठाऊक नसेल.

आता मुंबईकडे वळू. हार्टलपूलहून तासाभराच्या अंतरावर न्यूकॅसल आहे आणि तिथं टाईन नदी. त्या नदीकाठच्या कारखान्यात १९४५ मध्ये 'हर्क्युलिस' नावाची विमानवाहू नौका पाण्यात उतरली. युद्ध तेवढ्यात संपलं आणि ती अर्धवट पडून राहिली. 'त्रिंकोमाली'चंच दैव, दुसऱ्या शतकात. १९५७ मध्ये ती भारतानं घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी ती 'आयएनएस विक्रांत' झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार इथं काय केलं हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. म्हणजे पराक्रम हवा असेल तर तो इथं होता.

जानेवारी १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. २००१ पासून काही वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून होती. आपल्यातल्या पुष्कळांनी मुलांना नेऊन दाखवली असेल. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणानं ती बंद झाली. राज्य सरकारनं सांगितलं, हा खर्च परवडणारा नाही. लोक न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण उपयोग झाला नाही. २०१४ मध्ये सुमारे साठ कोटींना ती विकली गेली आणि दारूखान्यात तोडली. तिच्या पोलादातून पुढं एक मोटरसायकल निघाली, तीही लोकांनी हौसेनं घेतली.

तर हिशेब असा झाला. मुंबईनं बांधलेलं जहाज टाईनच्या शेजारी जपलं जातंय, आणि टाईनवर बांधलेलं जहाज मुंबईत तोडलं गेलं. हे वाक्य टाळ्या घेण्यासारखं आहे, पण ते बोलून थांबलो तर आपण पुन्हा हळहळीपाशीच येतो. 'विक्रांत' वाचवता आली नाही यात निव्वळ अनास्था होती असं आम्ही म्हणणार नाही. पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात गंजतं, सागासारखं टिकत नाही. सुमारे सातशे फुटांचं धूड जपायचा खर्च दीडशे फुटांच्या लाकडी जहाजाला लावून चालत नाही. खरी उणीव वेगळी होती. निवृत्तीनंतर 'विक्रांत' कोणाला रोज लागेल, याचं उत्तर आपण शोधलं नाही. बघण्यापलीकडे तिचा उपयोग ठरवला नाही. प्रशिक्षण, शाळा, कारागिरांचं काम, काहीच तिच्याशी बांधलं नाही. बघायला येणारे वर्षातून एकदा येतात. जहाजाला रोज माणूस लागतो.

आणि हे भारतात जमतच नाही, असंही नाही. विशाखापट्टणमला 'कुरसुरा' ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली, दुसऱ्याच वर्षी समुद्रकिनाऱ्यावर वाळूत आणून बसवली, आणि आज त्या शहरात गेलेला माणूस ती बघितल्याशिवाय परत येत नाही. आकार झेपणारा निवडला, जागा लोकांच्या रोजच्या फिरण्यातली निवडली.

मग मुंबईनं काय करावं? 'त्रिंकोमाली' परत आणा, अशी मागणी कधीमधी ऐकू येते. आम्हाला ती पटत नाही. ते जहाज गेली तीस-पस्तीस वर्षं ज्यांनी जगवलं, त्यांचंही ते आहे. आपल्याकडे जे आहे त्याकडे आधी बघू. ज्या गोदीत हे सगळं घडलं ती गोदी अजून चालू आहे. लायन गेटच्या आत, नौदलाच्या ताब्यात, अठराव्या शतकातल्या त्या दगडी सुक्या गोद्या आजही वापरात आहेत. आपण आतापर्यंत जे म्हणत आलो त्या हिशेबानं ही सगळ्यात चांगली बातमी आहे : त्या लागतात, म्हणून त्या टिकल्या आहेत. सुरक्षेमुळे त्या सर्वांना खुल्या करता येणार नाहीत, हे समजण्यासारखं आहे. पण नौदल सप्ताहात युद्धनौका लोकांना दाखवतातच. वर्षातून काही दिवस, नोंदणी करून, शाळेच्या मुलांना त्या दगडी पायऱ्यांपर्यंत नेता येणार नाही असं नाही.

दुसरं काम कोणाच्या परवानगीचं नाही, आपलंच आहे. ते नावांचं. कंपनी सरकारच्या काळातली दफ्तरं मुंबईत आहेत. त्यांत पगार, मजुरी, लाकडाची खरेदी यांच्या नोंदी शोधायच्या. गोदीत पिढ्यान् पिढ्या काम केलेली घरं अजून माझगाव, गिरगाव, उरण, अलिबाग या पट्ट्यात आहेत. त्यांच्याकडे हत्यारं आहेत, शब्द आहेत. 'पठाण' म्हणजे जहाजाचा कणा, हे सांगणारी माणसं आता मोजकी राहिली आहेत. लाकडी होड्या बांधणारे सुतार फायबरच्या कामाला लागले, तेव्हा हे शब्दही त्यांच्याबरोबर चालले आहेत. जहाज जपायला कोटी लागतात. शब्द आणि नावं जपायला एक वही आणि काही रविवार पुरतात.

परतीच्या गाडीत आम्ही काकांना विचारलं, की तुमच्या हातून दुरुस्त झालेल्या जहाजांवर तुमचं नाव कुठं आहे? ते हसले आणि म्हणाले, "हजेरीपटावर होतं. पट कुठं आहे ते शोधा." आम्ही शोधायला सुरुवात केली आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी गोदीतले जुने कागद, बिल्ले, हत्यारं असतील, तर व्याख्यानानंतर आम्हाला जरूर भेटा. आता तुमचे प्रश्न घेऊ.